कॅबिनेटमधल्या गाठी

कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की मला बरं वाटतं. हे चांगलं नाही, मला कळतं. ज्याचं काम अडलेलं असतं तो बिचारा चादरीत गुंडाळलेला कॅबिनेटचा डबा पोटाशी धरून वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या आमच्या फाटकाशी उभा असतो, तोंड एवढंसं झालेलं असतं, आणि मी आतून लगबगीने येते ती माहेरचं माणूस आल्यासारखी. अट एकच. मशीन माझ्या नवऱ्याने जुळवलेलं असलं पाहिजे. दुसऱ्या कुणाचं असलं तर मी चष्म्यावरून बघते आणि वेळ नाही म्हणून सांगते.

नवरा जाऊन तीन वर्षं झाली. तो एका जिनिंगच्या ऑफिसात वजनकाट्याच्या पावत्या करायचा आणि मी कॉलेजच्या कॉम्प्युटर प्रयोगशाळेत आहे. आम्ही शाळेत एकाच वर्गातले, त्यामुळे लग्नही अरे-तुरेतलंच. कॉम्प्युटर जुळवून विकायचा जोडधंदा त्याने काढला तेव्हा मी म्हटलं होतं, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. पण तो चालला, चांगला चालला. आमच्या पगारांवर घर चाललं आणि कॉम्प्युटरवर घर वाढलं. वरची खोली, अंगणातली बोअर, माझी स्कूटी, सगळं त्या डब्यांतूनच निघालं.

रविवारी तो सकाळच्या गाडीने नागपूरला जायचा, सीताबर्डीत हिंडून सुटे भाग घ्यायचा आणि मदरबोर्डाचा खोका मांडीवर घेऊन परत यायचा. वरच्या फळीवर कधी ठेवला नाही. गिऱ्हाइकाला त्याचे प्रश्न फार. काम काय करणार, टेबल केवढं आहे, खिडकी कुठल्या बाजूला, घरात उंदीर आहेत का. सेलूचा एक लग्नपत्रिका छापणारा तर वैतागून म्हणाला, "साहेब, मले कॉम्प्युटर पाह्यजे, सोयरीक नाई जमवाची." त्याचं मशीन अजून चालतं. म्हणून तो मला आवडत नाही.

आमची वाटणी ठरलेली होती. जुळवाजुळव त्याची, आत विंडोज टाकणं, मराठी टायपिंग बसवणं, छापखान्याचे फॉन्ट भरणं माझं. "मी धड करतो, तू जीव टाक," असं म्हणून तो उघडा डबा माझ्याकडे सरकवायचा. तोवर आतल्या सगळ्या वायरी बांधून झालेल्या असायच्या. आणि बांधायचा तो सुताने. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आमच्या उन्हाळ्यात दोन वर्षांत कडक होऊन तुटतात आणि सुटलेली वायर पंख्यात अडकते. त्याची आई पेटीचरख्यावर कातायची, वर्ध्यात त्यात नवल काही नाही. घरात सुताच्या गुंड्या पडून असायच्या. तो तीन पदरी सूत घ्यायचा, वायरींच्या जुडीला गुंडाळायचा, बारीकशी गाठ मारायचा आणि टोक आत खोचून टाकायचा. गाठ दिसायची नाही, नुसता फुगवटा दिसायचा. गिऱ्हाईक हसायचं. म्हणायचं, हा खादीचा कॉम्प्युटर आहे.

तो गेला तेव्हा घरात त्याचं सगळं होतं आणि काहीच नव्हतं. शर्ट होते, ते मी धुतले आणि धुतल्यावर कळलं की काय केलं. पहिल्याच महिन्यात कुणीतरी दुरुस्तीला मशीन आणलं. मी बाजूचं झाकण काढलं, आत गाठी होत्या. त्याची बोटं जिथे थांबली होती तिथेच थांबलेली होती. गरम धुळीचा वास, त्यात ते मळकट सूत. मी झाकण तसंच टेकवून ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण चहा केला, दोन कप.

पण दुरुस्ती म्हणजे वायरी सोडवणं आलं. गाठ इतकी घट्ट की मी कात्रीच लावायची. कापलेले तुकडे फेकवेनात, म्हणून ते मी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकत गेले. एकदा प्रोसेसरच्या कडेला वाळलेल्या, उष्णता ओढणाऱ्या पेस्टमध्ये त्याच्या अंगठ्याचा ठसा निघाला, रेघान्‌रेघ स्पष्ट. पेस्ट पुसल्याशिवाय वरचा पंखा बसत नाही. गिऱ्हाईक समोर बसलं होतं. मी पुसली.

तेव्हापासून हे असं आहे. मशीन बिघडलं तरच तो भेटतो आणि भेटला की मीच त्याला कापते. गावोगावच्या खोल्यांमध्ये, फोटो स्टुडिओत, किराण्याच्या गादीमागे, त्या डब्यांच्या आत तो अजून वायरी धरून बसलाय, आणि दर वर्षी थोडा कमी होतोय. लोक लॅपटॉप घेतात, जुने डबे भंगारवाल्याला देतात. प्रयोगशाळेत मुलांच्या मशीनचे पंखे घुरघुरायला लागले की मला मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. वळून बघायची सवय मी मोडली. मला त्याचा रागही येतो. माणसाने एवढं नीटनेटकं काम करून ठेवावं आणि स्वतः एका दुपारी छातीवर हात ठेवून खुर्चीतून खाली यावं, हा काय प्रकार?

या जूनमध्ये समुद्रपूरची एक बाई आली. तिशीतली असेल. घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं तिचं काम आहे. अॅडमिशन, दाखले, पीक विमा, सगळं. मशीन आमच्याकडचं, माझ्या नवऱ्याने तिच्या घरी जाऊन बसवून दिलेलं. ते मांडीवर घेऊन ती एसटीने हिंगणघाटवरून आली होती.

"काकू, लाइट लागते, पंखा फिरते, अन् बंद होऊन राह्यला."

"कुठं ठेवला होता?"

"कूलरच्या समोर."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? आपल्याले एवढी गरमी होते, त्याले नसन होत का?"

आमच्याकडे हे घरोघर होतं. जीव लावतात आणि मारतात. कूलरची हवा म्हणजे बोअरचं खारं पाणीच, ते फवारा उडावा तसं चार महिने मशीनमध्ये शिरतं. मी झाकण काढलं. बोर्डावर पांढरट हिरवा थर चढला होता, बोर्ड गेल्यात जमा. पण मी बोर्डाकडे नंतर बघितलं. आत सगळ्याच्या सगळ्या गाठी शाबूत होत्या. इतक्या एका ठिकाणी मला त्याआधी कधी मिळाल्या नव्हत्या. सूतही पांढरंशुभ्र राहिलं होतं. मला वाटलं, समुद्रपुरात धूळ कमी असेल.

"नवीन घे," मी तिला म्हटलं. "याच्यात बोर्ड टाकणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला." मनात होतं की ती नवीन घेईल आणि हे मशीन माझ्याकडे राहील, कापाकापी न होता. पण तिला तेच हवं होतं. तिचं सगळं त्यात होतं आणि हाताला सवय होती. मी ठेवून घेतलं.

बोर्ड दोन दिवसांत आला. मी कात्री घेऊन बसले आणि उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले आणि उठले. तिचा रोज फोन. "काकू, झालं का?" मी म्हणायचे, बोर्ड यायचाय. बोर्ड माझ्यासमोर टेबलावर पडलेला. "काकू, सीझन आहे. माही सगळी गिऱ्हाइकं तहसीलसमोरच्या दुकानात चालली. एकदा गेली की येत नाईत." मला तिची दया येत होती आणि तरी मी उठत होते. रिकाम्या वेळी मी झाकण काढून नुसती बघत बसायचे. एकदोनदा बोललेही त्याच्याशी. काय बोलले ते सांगण्यासारखं नाही, भाजी महागली वगैरे.

शेवटी ती फोन न करता आलीच. दुपार होती. मशीन उघडं, बोर्ड बाजूला, कात्री त्याच्यावर. तिने एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ते बघणं मला लागलं. मी म्हटलं, "बस. आता करते." आणि कात्री पहिल्या गाठीला लावली.

"कापता काऊन काकू? हे टोक ओढाचं ना."

मी थांब म्हणेपर्यंत तिने जुडीखाली नख घातलं, खोचलेलं टोक बाहेर काढलं आणि ओढलं. गाठ नव्हतीच जणू. सूत सरळ होऊन तिच्या बोटावर लोंबायला लागलं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण ती दचकून मागे सरली. "अवं काकू, येते ना परत बांधता! हे तं मीच बांधलं होतं, दिवाळीच्या सफाईत. काकानं शिकवलं मले. म्हणे, वर्षातून एकदा धूळ काढत जाजो अन् असंच बांधून ठेवजो. एक गुंडीबी देल्ली होती."

मी खुर्चीत बसले. म्हणजे इतके दिवस मी ज्याच्याशी भाजीच्या गोष्टी करत होते ती गाठ या बाईची. मी विचारलं, आणखी कुणाला शिकवलं त्याने? "सगळ्यायलेच सांगतो म्हणे," ती म्हणाली. फळीवर बिस्किटाचा डबा होता. त्यातल्या तुकड्यांत त्याचं किती आणि कुठल्या छापखानेवाल्याचं, कुठल्या मास्तरच्या पोरीचं किती, ते आता देवालाही सांगता येणार नाही. सुरगाठ होती ती. एक टोक ओढलं की मोकळी होणारी, कितीदाही बांधता येणारी. मी तीन वर्षं कापत बसले.

मग आम्ही काम केलं. तिने भराभर सगळ्या सोडल्या, मी बोर्ड काढला, नवा बसवला, बटण दाबलं. मशीन चालू झालं. ती पटकन डोळे पुसून हसली आणि म्हणाली, आज संध्याकाळचेच चार फॉर्म आहेत. वायरी मोकळ्या लोंबत होत्या. मी ड्रॉवरमधून प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढल्या.

"सूत नाई का, काकू?"

सूत होतं. मी गुंडी आणून तिच्यासमोर ठेवली. तिने ती माझ्याकडे सरकवली. "बांधा."

"मले नाई येत," मी म्हटलं.

तिने वर पाहिलं. तिला खरं वाटलं नसावं. मग खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी बसली, सूत तीन पदरी केलं आणि माझ्या बोटांत दिलं. इकडून घ्या, वरून फिरवा, फास ठेवा, आता टोक त्यातून. मी ओढलं, करकचून ओढलं, कारण माझा स्वभाव तसाच आहे.

"जोर नाई लावाचा," ती म्हणाली. "ते आपल्या मनानं बसते."

माझे हात तिथेच थांबले. हे तिचं वाक्य नव्हतं. रॅम बसवताना, कुकरचं झाकण लावताना, मी भांडून रुसून बसले की माझ्याकडे बघत, तो हेच म्हणायचा, असाच, "मनानं"वर जरासा थांबून. माझ्या फोनमध्ये त्याचे फोटो ढीगभर आहेत. आवाज एकही नाही. कधी भरून ठेवावा असं सुचलंच नाही. तो समोरच बसून बोलत असायचा.

"पुन्हा सांग," मी म्हणाले.

तिला वाटलं मला गाठ समजली नाही. तिने टोक ओढून ती सोडवली आणि माझी बोटं धरून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. इकडून घ्या, वरून फिरवा. मी बोटं तिच्या हाती सोडून दिली होती आणि ते वाक्य यायची वाट पाहत होते.