इंदूबाईंची ‘उशाशी’

नवरा आंब्यावरून पडला त्या वर्षी इंदूबाई गायकरांनी भाताची लावणी पहिल्यांदा मजुरांवर सोडली. नामा कमरेखाली कायमचा लुळा झाला होता. कर्जतच्या दवाखान्यातून त्याला कडावला घरी आणलं, तेव्हा हातात औषधांची चिठ्ठी होती. पण अंगापिंडाने थोराड माणसाला एकटीने कुशीवर कसं वळवायचं, लघवीची नळी कशी स्वच्छ ठेवायची, हे कुणी सांगितलं नव्हतं. महिन्याभरात नामाच्या पाठीला बोट जाईल एवढी जखम झाली. इंदूबाई तडक दवाखान्यात गेल्या आणि नर्सच्या खोलीत फतकल मारून बसल्या. “मला शिकवा. शिकल्याबिगर मी उठायची नाय.”

तिथल्या एका वयस्क सिस्टरने त्यांना शिकवलं. नामा त्यानंतर सहा वर्षं जगला, आणि गेला तेव्हा त्याची पाठ लहान मुलासारखी स्वच्छ होती. हे सांगताना इंदूबाईंची मान आजही ताठ होते.

नामाचे दिवस झाले आणि शेजारची एक सून दारात आली. “काकी, आमच्या म्हातारीला जरा बघता का?” मग दुसरी आली. मग पलीकडच्या गावातून बोलावणं आलं. प्रत्येक घरात तीच तऱ्हा. मुलगा आणि सून पहाटे कामाला बाहेर पडायची, आणि आत खाटेवर एखादं माणूस दिवसभर छताकडे बघत पडलेलं असायचं. इंदूबाईंनी आणखी बायांना शिकवलं. सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या घरी जायचं. अंग पुसायचं, कूस बदलायची, चार शब्द बोलायचे. कामाला नाव कुणी दिलं नव्हतं. समिधा आली, आणि तिने संस्थेची नोंदणी करताना नाव विचारलं, तेव्हा इंदूबाई म्हणाल्या, “आमी दुसरं काय करतो? उशाशी बसतो.” तेच नाव पडलं.

समिधा कर्जतची, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, तिशीही न गाठलेली. इंदूबाई अध्यक्ष, समिधा सचिव, आणि कडावात हार्डवेअरचं दुकान चालवणारा देवेश खजिनदार. तिघांचं बरं जमायचं, कारण तिघंही एकमेकांना तोंडावर बोलायची.

कुंभिवलीजवळच्या एका कारखान्याकडून मदत आणली ती समिधानेच. खालापूरच्या बाजूला काम वाढवायचं, तिकडच्या सगळ्या बायांचे पगार कारखाना देणार, असं ठरलं. वर्षभरात ‘उशाशी’ दुप्पट झाली. देवेशने दुकानावर संस्थेची पाटी लावली. इंदूबाईंना नव्या गावांची नावं पाठ होईनात. पण कुठल्या गावात कुणाची पाठ बिघडलीय, ते त्यांना बरोबर ठाऊक असायचं.

दुसऱ्या वर्षी कारखान्याचे एक साहेब फोटोग्राफर घेऊन आले. कंपनीच्या वार्षिक पुस्तकात फोटो छापायचे होते. त्यांनी घर आधीच निवडून ठेवलं होतं: डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतली कोंडी. पक्षाघाताने एक बाजू गेलेली म्हातारी. तिचा मुलगा जैतू त्याच कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली माल भरायला होता. साहेबांना ते फार आवडलं होतं. “आपल्याच कामगाराची आई. छान गोष्ट होईल.”

इंदूबाई पोचल्या तेव्हा कोंडीच्या खाटेमागे कारखान्याचं बॅनर बांधून झालं होतं. फोटोग्राफर म्हणत होता, पांघरूण जरा खाली करा, जखम दिसली पाहिजे, नाहीतर बाई करते काय ते कळणार नाही. जैतू कोपऱ्यात हात बांधून उभा होता. कोंडीने चालत्या हाताने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

“झालं,” इंदूबाई म्हणाल्या. “ती नको म्हनतेय.”

“अहो बाई, ती काही बोललेली नाही.”

“तोंड झाकलं ना? आनखी काय बोलायचं तिनं? ते कापड सोडा भिंतीवरचं.”

साहेब हसले, समजावणीच्या सुरात बोलू लागले. दाखवायला काही नसेल, तर पुढच्या वर्षी वरच्या साहेबांना काय सांगणार, असं त्यांचं म्हणणं होतं. इंदूबाईंनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी स्वतःच बॅनरची सुतळी सोडली, घडी घातली आणि साहेबांच्या हातात दिली. “तुमच्या आईचा काढा आसा फोटो. मंग हिकडं या.”

महिना संपायच्या आत पत्र आलं. मदत पुढे चालू ठेवता येणार नाही.

देवेशच्या दुकानाच्या माडीवर बैठक बसली. देवेश संतापला होता. “काकी, एका फोटोपायी खालापूरच्या सगळ्या बायांचा पगार घालवलात! कोंडीला वळवायला आता कोण जाणार? तुमचा राग जाणार का?”

“मी जाईन.”

“वीस गावांत एकट्या तुम्ही?”

इंदूबाईंनी समिधाकडे पाहिलं. ती आपल्या बाजूने बोलेल याची त्यांना खात्री होती. समिधा म्हणाली, “काकी, मलाही तो फोटो नको होता. मी असते तर मीही नाही म्हटलं असतं. पण तुम्ही मला फोन केला नाहीत, देवेशदादाला विचारलं नाहीत. जैतूला तरी विचारलंत? त्याची नोकरी तिथे आहे. ही संस्था आहे, तुमचं घर नाही.”

हे मात्र लागलं. इंदूबाईंनी पदर खोचला. त्या म्हणाल्या, “बरं. इचारायला पायजे व्हतं. पन इचारलं आस्तं तरी फोटो काडू देनार नाय, हेच म्हनले आस्ते. आता पैसं कसं आनायचं त्ये तू सांग. मी फिरते.”

समिधाच्या डोक्यात आधीपासून होतं ते तिने मांडलं. एकाच दात्याच्या आधारावर उभं राहिलो, म्हणून तो हलला तेव्हा आपण पडलो. आता एक मोठा दाता शोधायचाच नाही. ज्या गावात आपली बाई जाते, त्या गावानेच तिचा पगार उभा करायचा. दर घरामागे थोडं, पण दर महिन्याला.

“गावातली माणसं देत नसतात,” देवेश म्हणाला. “माझी उधारी देत नाहीत, तुम्हाला काय देणार?”

“देत न्हाईत कारन कुनी मागत नाय,” इंदूबाई उठल्याच. “हळदीला डीजे आनतात. क्रिकेटच्या म्याचीला मोटरसायकल बक्षीस ठेवतात. पैसं नायत आसं मला सांगू नको, देवेश.”

कडावच्या मैदानावर तेव्हा रबरी चेंडूच्या सामन्यांची धूम चालू होती. पंचक्रोशीतले संघ, मंडप, भोंगे, आणि माइकवर किरण. किरणची कॉमेंट्री ऐकायला लोक घरची कामं टाकून यायचे. रविवारी दुपारी इंदूबाई तिथे गेल्या आणि बोलायला पाच मिनिटं मागितली. आयोजक पोरांनी अदबीने सांगितलं, “काकी, फायनल होऊ दे. मग बोला निवांत.”

फायनलनंतर मैदानावर फक्त कुत्री उरतात, हे इंदूबाईंना पक्कं माहीत होतं. दोन डावांच्या मध्ये त्या शांतपणे मैदानात चालत गेल्या आणि खेळपट्टीच्या मधोमध बसल्या.

हशा झाला. शिट्ट्या झाल्या. अंपायर धावत आला. “काकी, उठा ना, काय ह्ये!”

“हलवा की. मानूस कसा हलवायचा ह्ये ह्या तालुक्यात मीच शिकवलंय.”

भोंग्यावरून किरणचं हसू सगळ्यांना ऐकू गेलं. मग तो स्वतःच माइक घेऊन, वायर ओढत, जिथपर्यंत पुरली तिथपर्यंत आला. उरलेलं अंतर इंदूबाई उठून गेल्या.

“मी भीक मागायला आले नाय,” त्या म्हणाल्या. भोंग्यात स्वतःचा आवाज ऐकून क्षणभर दचकल्या, पण थांबल्या नाहीत. “ज्याच्या घरात मानूस पडून हाय, त्यानं हात वर करा. लाजू नका रं. पडलं तर पडलं, त्यात पाप नाय.”

आधी कुणीच हात वर केला नाही. मग सीमेवर उभ्या असलेल्या एका फिल्डरने केला. मग मंडपातून दोन-तीन. मग अंपायरने. बघता बघता इतके हात झाले की शिट्ट्या थांबल्या.

“आता मला सांगा, तुमी हितं खेळताय, त्यांना आज कोन वळवतंय? तुमची बायको, न्हाईतर आमची बाई. तिचा पगार बाहेरचा शेठ का देनार? आनि दिला तर तुमच्या आईचा उगडा फोटो मागनार. मी नाय देनार. पगार तुमी द्या. गावात समिती करा. बाई तुमीच निवडा, हिशेब तुमीच ठेवा. शिकवायचं काम आमचं. जमत नसंल तर तसं सांगा, मी दुसऱ्या गावाला जाते.”

किरणने माइक परत घेतला. “माझी आजी...” एवढंच म्हणाला, आणि पुढच्या डावाची टीम पुकारली.

त्या दिवशी टोपी फिरली, पण जमलं ते थोडंच. देवेशने ते मोजलं आणि वहीत लिहून ठेवलं. पण आठवडाभरात पाच गावांतून निरोप आले, या आणि समजावून सांगा. समिधा आणि इंदूबाई संध्याकाळी देवळापुढच्या ओट्यांवर, लग्नाच्या मंडपांत, दूध डेअरीच्या रांगेत जाऊन बोलू लागल्या. काही गावांनी सरळ नकार दिला. एका गावात इंदूबाईंना कुणी चहासुद्धा विचारला नाही. खालापूरच्या बाजूचं काम पावसाळाभर बंदच पडलं.

कोंडीकडे मात्र इंदूबाई दर आठवड्याला शेअर रिक्षा बदलत जात राहिल्या. पहिल्या खेपेला जैतू दाराआडून बोलला. “माजी नोकरी ग्येली आस्ती तं? तुमी त्या सायबाशी भांडून निगून ग्येलाव. मी तिथंच ऱ्हायलो.”

“खरं हाय तुजं,” इंदूबाई म्हणाल्या. “मी तुला इचारलं नाय. आता हात धू आनि हिकडं ये. रोज मी येऊ शकत नाय, तुलाच शिकायला लागंल.” जैतू कुरकुरत आला, आणि शिकला. दिवाळीनंतर त्याने माल भरणाऱ्या पोरांना गोळा करून वाडीची समिती उभी केली, तेव्हा इंदूबाईंना आधी काही कळवलंसुद्धा नाही.

हेच त्यांना जड गेलं. पैसे मागायला त्या कधी संकोचल्या नाहीत. पण समित्या झाल्या आणि समित्या आपलं आपण ठरवू लागल्या. एका गावाने इंदूबाईंनी सुचवलेली बाई सोडून भलतीच निवडली. “तिला स्वतःचं घर झाडता येत नाय!” इंदूबाई कडाडल्या. “मी जाऊन बदलते.”

समिधा वाटेत उभी राहिली. “मैदानात तुम्हीच म्हणालात, बाई तुम्ही निवडा. आता शब्द फिरवायचा?”

इंदूबाई दोन दिवस समिधाशी बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात मुद्दाम त्या गावात गेल्या, तिथल्या एका म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं, चादर उचलून पाहिली. पाठ स्वच्छ होती. बोलायला काही उरलं नव्हतं, तरी त्या बोलल्याच, “नखं वाढलीत. कापा.”

घरी येऊन त्यांनी समिधाला फोन केला आणि अध्यक्षपद सोडते म्हणून सांगितलं. “रुसून नाय गं. प्रत्येक गावाचं एक मानूस घ्या, त्यांनी ठरवावं. मी शिकवन्यापुरती.” त्या वर्षीच्या सभेत गावांच्या प्रतिनिधींनी समिधाला प्रमुख केलं.

यंदा त्याच कारखान्याचे नवे अधिकारी आले. फोटो नको, फक्त रुग्णांना आणायला-न्यायला एक गाडी देतो, मागच्या दारावर आमचं नाव असू दे. माडीवर सभा भरली. इंदूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, “नाय म्हना. आज दारावर नाव, उद्या खाटेमागं.”

जैतू उभा राहिला. “माज्या आयला दवाखान्यात न्यायला रात्री टेंपो मागत फिरलो मी. गाडी घिऊया. नाव बारीक लिवा म्हनावं. आनि पगाराला त्यांचा पैसा नको, तो आपलाच.”

चर्चा लांबली. शेवटी हात वर झाले. गाडीच्या बाजूने जवळजवळ सगळे.

इंदूबाईंनी विरोधात हात वर केला. एकटाच. तो त्यांनी खाली घेतला नाही. “समिधा, लिवलंस का? इंदू गायकर ईरोधात. नाव लिव.”

समिधाने लिहिलं आणि वाचून दाखवलं. तेव्हा कुठे हात खाली आला.

गाडी आली. दारावरचं नाव खरंच बारीक आहे. त्या गाडीतून म्हातारी माणसं दवाखान्यात जातात, नव्या बाया शिकायला येतात, आणि ड्रायव्हर दर वेळी इंदूबाईंच्या दारापुढे थांबून हॉर्न वाजवतो. “काकी, चला, तिकडंच चाललोय.”

“जा तू,” इंदूबाई चप्पल पायात सरकवत म्हणतात, आणि नाक्यावरच्या शेअर रिक्षाकडे चालायला लागतात.