बँड कुणी बंद केला?

पास्कलने एप्रनची घडी करून काउंटरवर ठेवली. "मॅडम, आज बँड वाजनार असेल तर आमी नाय."

पास्कल आमचा बँक्वेट कॅप्टन, म्हणजे समारंभात वाढणाऱ्या सगळ्या पोरांचा म्होरक्या. राजोडीच्या ज्या रिसॉर्टची मी मॅनेजर आहे, तिथला निम्मा स्टाफ त्याच्याच गावातला. त्या सकाळी गावातली फ्लोरी मावशी गेली. आमच्या किचनला मासळी तीच द्यायची. चार वाजता तिची अंत्ययात्रा आमच्या गेटवरून चर्चला जाणार होती. आणि चारलाच, विरारच्या शिंद्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला मुलाकडच्या मंडळींचं त्याच गेटवर बँड लावून स्वागत होणार होतं. गावात मयत असताना पोरं बँडच्या तालावर सरबत वाटत फिरली, तर त्यांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मालकांना फोन लावला.

"पास्कलला कायमचा घरी बसव. विरारहून कॉन्ट्रॅक्टची पोरं मागव."

"शेठ, पास्कलला मी काढणार नाही. आज तो गेला तर उद्या गावातलं कुणी येणार नाही."

"मग पार्टी तू सांभाळ. बोभाटा झाला तर तूही घरी बस."

इकडे आड, तिकडे विहीर. मला भयंकर चीड आली होती. पण चीड केबिनमध्ये ठेवूनच क्लायंटसमोर जायचं असतं. गेले.

"शुभकार्यात मयताचं नाव काढू नका!" शिंदे कडाडले. "बँड वाजणार म्हणजे वाजणार!"

ओरडताना त्यांची नजर सारखी गेटकडे जात होती. मी विचारलं, "साहेब, मुलाकडचे काय म्हणतील, हीच काळजी ना?"

ते खुर्चीत बसले. आवाज उतरला. "मुलाचे काका फार तापट आहेत हो. बोलणी करतानाच दोनदा रुसले. स्वागतात कमी पडलं, तर टोमणे माझ्या पोरीला ऐकावे लागतील."

"मग तुम्ही काहीच बोलू नका. बँड रिसॉर्टने बंद ठेवला, तुमचा विरोध होता, असं मी सांगते. दफन आटोपलं की हवा तेवढा वाजवा."

"तुम्ही सांगाल? त्यांच्या तोंडावर?"

"गेटवर उभी राहून."

पास्कलला म्हटलं, "पोरांना घेऊन मातीला जा. तोवर सरबत मी आणि हाउसकीपिंगच्या बायका देतो."

"आनि शेठ?"

"शेठचं मी बघते."

चारला मुलाकडची बस गेटवर थांबली. काका उतरले आणि गावात मयत आहे म्हणून बँड आम्ही बंद ठेवलाय, असं मी सांगून टाकलं.

"हे आधी कळवता येत नव्हतं?" ते गरजले.

"चूक आमची, साहेब."

तेवढ्यात वळणावरून शवपेटी आली. पुढे खांद्याला पास्कल. काकांनी पाहिलं, चपला काढल्या, हात जोडले. त्यांच्यामागे सगळी मंडळी रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

यात्रा पुढे गेल्यावर काका स्वागताला गेटवर आलेल्या शिंद्यांना म्हणाले, "वाजवलं नाहीत ते बरं केलंत. कुणाच्या रडण्यावर आपलं वाजवू नये."

शिंदे क्षणभरही अडखळले नाहीत. "तेच तर! मीच यांना बजावलं होतं, बँड बंद ठेवा म्हणून."

मी सरबताचा ट्रे पुढे केला.

संध्याकाळी पास्कलने एप्रन बांधला आणि जेवणाच्या पंगतीत एकही ताट रिकामं राहू दिलं नाही. मालकांचा फोन आला, "बघ, उगाच घाबरत होतीस."

तेव्हापासून नव्या सुपरवायझरना मी एवढंच सांगते. ओरडणारा माणूस कुणाला तरी घाबरलेला असतो. तो कुणाला, ते शोधा आणि दोष स्वतःच्या अंगावर घ्या. श्रेयाची काळजी करू नका, ते न्यायला माणसं आपणहून येतात.