मेंदूसाठी टोमॅटो

फार्मसीच्या तोंडी परीक्षेआधी ग्लुटामेट रिसेप्टर चेतवणाऱ्या औषधांचा धडा वाचत होते. मेंदूत आठवणी पक्क्या करायला लागणारं ग्लुटामेट टोमॅटोतही असतं म्हणे. झालं! बाबांनी सिन्नरहून नाशिकला, होस्टेलवर, शेतातल्या टोमॅटोंचा क्रेट पाठवला होताच. मी आणि रूममेट, दोघी मीठ लावून दिवसभर टोमॅटो हाणत सुटलो.

परीक्षेत सरांनी विचारलं, "हे रिसेप्टर चेतवायला काय देशील?"

"टोमॅटो!" मी ठणकावून सांगितलं.

"अगं, खाल्लेल्या ग्लुटामेटला मेंदू दारातूनच परत पाठवतो!"

अर्धा क्रेट पोटात आणि मेंदूत कणही नाही! मला हसू आवरेना. सर ओठ दाबून खिडकीबाहेर बघत राहिले.

"कुठले टोमॅटो?"

"सिन्नरचे, सर. आमच्याच शेतातले."

"उरलेत का?"