फणस, नाक आणि डावं चाक

माझं नाक डावीकडे किंचित वाकलेलं आहे. लग्न ठरताना सासरच्या मंडळींना मी सांगितलं की कॉलेजात बॉक्सिंग खेळायचो. साफ खोटं. ते नाक तीन हजार फुटांवर, विमानाच्या मधल्या वाटेत, साठीच्या एका मालवणी मामांनी फोडलं. आणि बरोबर केलं!

ऐंशीच्या दशकातली मे महिन्यातली सकाळ. मी पार्ल्याचा, नवाकोरा सहवैमानिक. गोव्याहून येत होतो. घाटकोपरचा डोंगर समोर दिसायला लागला तशी आम्ही चाकं सोडली. तीन हिरवे दिवे लागायचे, दोनच लागले. डाव्या चाकाचा दिवा बंद. कप्तानांनी त्याला टिचकी मारली, मग बुक्की, मग त्याच्या आईचा उद्धार केला आणि विमान पुन्हा वर उचलून समुद्राकडे वळवलं. बल्ब बदलला. अंधारच. हाताने चाक सोडायचं हँडल मी असं काही उपसलं की तळव्याची साल निघाली. तरी अंधार.

म्हणजे डाव्या चाकाचा पाय खाली येऊन पक्का बसला होता, की नुसता लोंबकळत होता? लोंबकळत असला तर जमिनीला टेकताच मुडपणार, पंख धावपट्टीवर घासणार. आणि इंधन पंखातच असतं.

"मागे जा रे, डोळ्यांनी बघून ये," कप्तान म्हणाले.

त्या विमानात मधल्या वाटेतल्या गालिच्याखाली एक झाकण होतं आणि झाकणाखाली काच. त्यातून चाकाच्या पायावरच्या तांबड्या रेघा दिसत. एका ओळीत असल्या तर पाय पक्का. मी धावत गेलो, तर नेमका त्याच जागी गोणपाटात बांधलेला, लहान पोराएवढा फणस! आणि त्याला धरून बसलेले मामा.

"मामा, उचला तो."

"हयसून हलाचो नाय. चेडवाक सातवो महिनो लागलो हा. तिका फणस खावचो आसा."

विमान उतरायचंय, लेकीचा फणस काय घेऊन बसलात, असं मी ओरडलो आणि घातली लाथ. फणस पुढे गडगडला.

"फणसाक लाथ मारतंस? माझ्या चेडवाच्या फणसाक?"

पुढचं मला फक्त ऐकू आलं. सुकी काटकी मोडावी तसा आवाज, माझ्याच तोंडावर. मी आडवा झालो, पण काचेतून बघायला आडवं व्हायचंच होतं, म्हणून तसाच पालथा होऊन गालिचा फाडला आणि झाकण उघडलं. नाकातलं रक्त टपाटप काचेवर. टायने पुसलं, तर आणखीनच फासलं गेलं. तांबड्या रेघा शोधायच्या आणि सगळंच तांबडं! डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

"मामा," मी म्हटलं, "माझे डोळे तुम्ही घालवलेत. चाकाच्या पायावरच्या तांबड्या रेघा एका ओळीत आहेत का, आता तुम्हीच बघा. नाहीतर चेडवाला ना फणस मिळेल, ना बाप."

मामांनी धोतराच्या सोग्याने काच लख्ख पुसली आणि माझ्या शेजारी पालथे पडले. "पंचवीस वर्सां गिरणीत कापड तपासलंय मी," ते म्हणाले. मग एक डोळा मिटून, शांतपणे: "रेघ सरळ नाय. सूतभर वाकडी आसा."

हवाईसुंदरीने ते शब्द कॉकपिटच्या उघड्या दारातून जसेच्या तसे ओरडून सांगितले. पाय हिसक्याने जागेवर बसावा म्हणून कप्तानांनी विमान असं झिंजाडलं, जसं कुत्रं उंदराला झिंजाडतं. डावीकडे, उजवीकडे, खाली, आणि मग खाडकन वर. बायका किंचाळल्या, कपबश्या फुटल्या, वरून बॅगा कोसळल्या. पुढे गेलेला फणस तोफगोळ्यासारखा परत आला, माझ्या बरगडीवर आदळला आणि फुटला.

"अजून?" मी विचारलं.

"अजून केसभर."

पुन्हा हिसका. मामांचं डोकं खाली आपटलं. ते मी दोन्ही हातांनी धरून काचेवर टेकवलं.

"झाली सरळ! तुझ्या तोंडार शिरा पडो, सरळ झाली!"

दिवा शेवटपर्यंत लागला नाही. मी जागेवर येऊन पट्टा आवळला.

"कोणी बघितलं?" कप्तानांनी विचारलं.

"गिरणी कामगाराने, सर."

 त्यांनी उजवं चाक आधी टेकवलं आणि डावा पंख जमेल तेवढा वेळ वर धरून ठेवला. तो खाली आला तेव्हा मी श्वास रोखला होता. तसाही नाकातून घेता येत नव्हता. धाडकन दणका बसला. डावा पाय उभा राहिला.

मागे गेलो तर मामा गुडघ्यांवर बसून खुर्च्यांखालचे गरे वेचत होते. गोणपाटाच्या चिंध्या झाल्या होत्या. मी माझी टोपी पुढे केली.

बाहेर त्यांची लेक उभी होती. माझा रक्ताळलेला शर्ट बघून ती हबकली. "बाबा, काय केलंत यांना?"

"ह्यांनी माझो फणस फोडल्यानी, मी ह्यांचा नाक. फिट्टंफाट."

तिने टोपीतला पहिला गरा माझ्या हातावर ठेवला. मी तो तिथेच उभ्याने खाल्ला. वास मात्र अजिबात आला नाही.