वेळापत्रकातला माझा रकाना

“सून चांगली आहे वो, पण हिचा दिवस जाते कुठं, काही समजत नाही!”

सासूबाई कुंपणापलीकडच्या काकूंना सांगत होत्या. मी अलीकडे, वाळत घातलेल्या साडीमागे उभी होते. ऐकायला नको होतं, पण साडीला काही दार नसतं! लग्न होऊन बालाघाटला आले त्याला सहाच महिने झाले होते, आणि गप्प बसणाऱ्या माणसाकडे किती किस्से साठतात ते मला कळायला लागलं होतं. बोलणाऱ्यांपुढे लोक जपून बोलतात. ऐकणारीची कुणाला आठवणच राहत नाही.

त्यातले हे एका जानेवारीचे.

* * *

मामाजी, म्हणजे माझे सासरे, कचेरीत रेकॉर्ड सांभाळत. ओसरीवर दाढी करताना त्यांनीही ते वाक्य ऐकलं असावं. कारण एक तारखेला सकाळीच स्वयंपाकघराच्या दारावर वेळापत्रक लागलं! जुन्या रजिस्टरचा मोठा कागद, लाल शाईच्या रेघा, चौघांचे चार रकाने.

“नव्या सालात या घरात एक मिनिट वाया जाणार नाही,” मामाजी म्हणाले. “सगळ्यांनी वाचून खाली सही करा.”

सासूबाईंनी पदराला हात पुसले. “मी काहून करू सही? उद्या माझी लामत्याच्या कचेरीत बदली करान!”

मी मात्र सही केली. त्याआधी माझा रकाना दोनदा वाचला. लग्न ठरलं तेव्हा माझी इंटरची परीक्षा राहिली होती. “देऊ द्या, आमची ना नाही,” असं बैठकीत ठरलंही होतं. मग तो विषय कुणी काढला नाही. पुस्तकं ट्रंकेत होती. अर्जाची मुदत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपत होती. आणि माझ्या रकान्यात सड्यापासून झाकपाकीपर्यंत सगळं होतं, दुपारी तीनचा सगळ्यांचा चहा होता, तांदूळ निवडणं दोनदा होतं, पुस्तकाला अर्धा तासही नव्हता.

* * *

नियम मामाजींनी स्वतःलाही लावला. पूजा, वीस मिनिटं. आधी पाऊण तास चालायची. आता स्तोत्र असं सुटायचं की शब्दाला शब्द लागायचा नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी फुलं ठेवता ठेवता विचारलं, “तुमचं झालं ते बरं झालं. पण देवाले काही समजलं का?”

* * *

सासूबाईंचा भात गोंदियाच्या छोट्या रेल्वेगाडीवर चालायचा. शिट्टी ऐकू आली की तांदूळ वैरायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मामाजींनी लिहिलं, “भात, नऊ वाजता, घड्याळ पाहून.”

सासूबाई घड्याळाकडे बघत बसल्या. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. मामाजी डबा मागायला आले तर चूल थंड!

“घड्याळात तर नऊ कधीच वाजले!”

“वाजले ना. पण गाडी अजून येऊन राह्यली. तुमचं घड्याळ पुढं असंल.”

* * *

पाहुण्यांसाठीही वेळ ठरली होती. “रविवार, चार ते पाच.” आणि मंगळवारी दुपारी लांजीहून मामाजींचे चुलतभाऊ उतरले, खांद्यावर चिन्नोर तांदळाची थैली. मामाजींनी पाणी द्यायच्या आधी त्यांना दारावरचा कागद दाखवला. काकांनी चष्मा लावला. सगळा कागद शांतपणे वाचला.

“बराबर आहे, भाऊ. शिस्त पाहिजेच.” त्यांनी थैली खाली ठेवली. “मंग मी रविवारपर्यंत थांबतो.”

आणि थांबले! रविवारी पाच वाजता निघतानाही म्हणाले, “पुढच्या वेळी शनिवारीच येईन. वेळेवर असलेलं बरं.”

* * *

सगळ्यांत मोठी फजिती आम्हा नवरा-बायकोची झाली. यांनी आपल्या रकान्यात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं, “सात ते सव्वासात, बोलणे.” कुणाशी ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

पहिल्या दिवशी सातच्या ठोक्याला सासूबाई अंगणातून ओरडल्या, “सात वाजले व, सूनबाई! जा, तुमचं बोलणं आहे!” मामाजी खाकरून बाहेर गेले. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. चौदा मिनिटं कुणालाच काही सुचलं नाही.

पंधराव्या मिनिटाला यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. परीक्षेचा अर्ज!

“आणला मी,” हे हळूच म्हणाले. “पण बाबांना तूच सांग. मला ते जमणार नाही.”

* * *

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मामाजींनी दारावरचा कागद काढून आढावा घेतला. सगळे ओसरीवर. हे म्हणाले, सकाळच्या व्यायामानं कंबर धरली. सासूबाई म्हणाल्या, गाडीशिवाय भात मऊच होत नाही. मामाजी कागदावर खुणा करत राहिले, आणि माझ्या रकान्याशी येऊन खूश झाले.

“बघा! एकही चूक नाही, एकही तक्रार नाही. याले म्हणतात शिस्त. सूनबाई, तुम्हाले काही बदल पाहिजे का?”

हे जमिनीकडे बघायला लागले. कमरेला खोचलेला अर्ज मला टोचत होता. तो काढून मी मामाजींच्या पुढ्यात, वेळापत्रकावरच ठेवला.

“पाहिजे, मामाजी. दुपारी दोन ते चार माझ्या नावासमोर ‘इंटरचा अभ्यास’ लिहा, आणि इथं अर्जावर सही करा. तीनच्या चहासमोरची जागा कोरी ठेवा. ज्याले चहा पाहिजे असंल, तो तिथं आपलं नाव लिहीन!”