ऑप्टिकल की कोॲक्सियल

विद्यापीठाचं नाव बदललं त्या आठवड्यात क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या आणि बजाजनगरच्या आमच्या घरात त्याहून गंभीर प्रश्न पेटला होता. दिरांनी आखातातून सीडी प्लेयर, ॲम्प्लिफायर आणि ते जोडायला दोन केबली पाठवल्या होत्या: आतून प्रकाश वाहणारी ऑप्टिकल आणि तांब्याची कोॲक्सियल. एकच लावायची होती. दोन पाठवून दिरांनी वाद फुकटात दिला.

हे कंपनीत पॅनेलचं वायरिंग करायचे. तिथल्या शिस्तीनं यांनी ऑप्टिकल केबल भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दुमडून वर क्लिपा ठोकल्या. दिसायला काय सुरेख! आवाज मात्र शून्य. प्रकाश काही कोपऱ्यावर वळेना.

तांब्याची लावली असती तर लगेच वाजलं असतं. पण बिल्डिंगमधले इंजिनिअर जमले. एकाच्या मते तांब्यात आवाज मळतो, दुसऱ्याच्या मते प्रकाशात गोडवा नाही. दोन्ही कुणीच ऐकलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी चहा माझा, ज्ञान त्यांचं. विद्यापीठाच्या नावावर मात्र चकार शब्द निघत नव्हता. त्या दिवसांत सगळ्यांनाच भलते विषय सुचत होते. आमच्याकडे केबल होती.

अशात शेजारच्या ताई आल्या. त्यांचे मालक यांच्याच खात्यात कामाला. नामांतराच्या मोर्चात लाठी खाल्ल्यापासून मालकांचा डावा हात वर जात नसे.

"नाव लागलं, वहिनी," ताई म्हणाल्या. "उद्या सांजच्याला समद्यांनी चहाला या. खुर्च्या बी आणल्यात."

"हो हो, नक्की!" आतून एकसुरात उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी ही सगळी मंडळी तांब्याची केबल उजेडात धरून बसली होती. मी निघायची आठवण केली.

"तू हो पुढं. एवढं ठरलं की आलोच," हे म्हणाले.

मला संताप आला. मी एकटीच गेले.

ताईंचे वेरूळकडचे पाहुणे सतरंजीवर दाटीवाटीनं बसले होते. भाड्याच्या खुर्च्या भिंतीशी ओळीनं रिकाम्या होत्या, आमच्या बिल्डिंगसाठी.

"साहेब लोक?" ताईंच्या मालकांनी विचारलं.

"केबल निवडतायत," मी म्हटलं. लाज वाटली.

ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "उठा रं, बसा खुर्च्यांवर. चहा निवतोय."