सवतीच्या नाण्याचा फोटो

आधीच सांगते, भूतबित मी मानत नाही. असले अनुभव वाचून खो-खो हसणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण लिहिते.

आम्ही देवळाली प्रवराचे. मी ह्यांची दुसरी बायको. पहिली, सुमन, आजारपणात गेली. आमच्याकडे दुसरीनं गळ्यात सवतीच्या नावाचा चांदीचा टाक घालायचा असतो, म्हणजे ती त्रास देत नाही म्हणे! सासूबाईंनी टाकाऐवजी सुमनच्याच पेटीतला राणीछाप रुपया कडी लावून माझ्या गळ्यात बांधला. रोज आंघोळ झाली की त्याला कुंकू लावायचं. मेलेल्या बाईची सरबराई... डोक्यात जायचं माझ्या.

मला जुन्या नाण्यांचा नाद. फोटो काढून नाण्यांच्या ग्रुपवर टाकते. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी म्हटलं, आज हिच्या रुपयाचाही काढू. थर्माकोलचा खोका, दोन्हीकडून एलईडी लॅम्प, चांदी चमकू नये म्हणून मध्ये बटर पेपर, वर स्टँडला मोबाईल. खिडकीला चादर. गळ्यातला दोरा काढला, तशा सासूबाई दारातून ओरडल्या, "काढू नगं गं बाई! तिला खपायचं न्हाई."

"मग येऊन सांगू दे की तिला," म्हटलं आणि दाराला कडी लावून घेतली.

बाकीची नाणी झकास आली. मग हे ठेवलं, टायमर लावला, मागे सरकले. फोटोत नाण्याच्या कडेला सावली! बटर पेपरमधून आलेल्या उजेडात अशी ठळक सावली पडतच नाही. लॅम्प हलवून पुन्हा काढला... सावलीला बोटं होती. बाईचा हात, मनगटात बांगड्या. आणि मी तर लांब भिंतीला टेकून उभी.

"काय पाहिजे गं तुला? हे घर माझंय आता!" मी खरंच ओरडले.

पुढच्या फोटोत नाणं दिसेना. त्यावर मूठ आवळलेली. खोक्यात मात्र नाणं जागच्या जागी! तेवढ्यात दोन्ही लॅम्प विझले आणि मानेवर, दोरा असतो तिथेच, कुणीतरी नखं ओढली. मी किंचाळत दार उघडून बाहेर आले.

हे घरामागच्या मळ्यातून धावत आले. मोबाईल घेतला, आधीचा बोटांचा फोटो मोठा करून बघत राहिले.

"करंगळी वाकडी हाय," हे म्हणाले. "कडबा कुट्टीच्या मशिनीत सापडली हुती. सुमनचा हात हाय हा."

घाबरलेले नव्हते हो हे! त्याचीच आग झाली मला. "डिलीट करा आधी," मी म्हटलं. ह्यांनी तो फोटो स्वतःच्या मोबाईलवर पाठवून घेतला.

लॅम्प दुकानात दाखवले, काही बिघाड नाही. मानेवरचे ओरखडे आठवडाभर होते. कुणाला काही उलगडा होत असेल तर सांगा, मला झालेला नाही. नाणं पुन्हा गळ्यात आहे.

लग्नाआधी मी अट घातली होती, घरात तिचा एकही फोटो नको. ह्यांनी सगळे जाळले होते. माझी अट आजही मला चूक वाटत नाही. पण हल्ली हे जेवताना मोबाईल उघडून त्या हाताकडे बघत बसतात. भाकरी गार होते. आणि तो फोटो मीच काढून दिलाय.